पाच औंसांची शर्यत

जड दगड आणि हलका दगड एकाच उंचीवरून सोडले तर दोन्ही एकदमच जमिनीवर आपटतात, हे शाळेत प्रत्येकाने घोकलेलं असतं. मग अमेरिकेतल्या एखाद्या शाळेच्या जेवणघरात, शनिवारी सकाळी, वजनकाट्यासमोर ही रांग कशासाठी? सात-आठ वर्षांची मुलं, प्रत्येकाच्या हातात वीतभर लांबीची लाकडी गाडी, मागे आई किंवा बाबा. एका गाडीचं वजन भरतं ४.९० औंस. लगेच खिशातून एक सेंटचं नाणं निघतं आणि गोंदाने गाडीच्या पोटाला चिकटवलं जातं. नाणं अडीच ग्रॅमचं, त्यामुळे काटा ४.९९ वर येतो आणि बाबांचा जीव भांड्यात पडतो. मर्यादा आहे ५ औंसांची, म्हणजे १४१.७ ग्रॅमची. तिच्या आत राहायचं, पण जमेल तितकं तिला खेटून.

या गाड्यांना इंजिन नाही, बॅटरी नाही, चावी नाही. उतारावरून सोडायचं आणि बघत राहायचं. गुरुत्वाकर्षण जर जड-हलकं असा भेदभाव करत नसेल, तर शंभर ग्रॅमच्या गाडीने काय पाप केलं?

या शर्यतीचं नाव पाइनवूड डर्बी. कब स्काऊटची मुलं ती दरवर्षी, बहुधा हिवाळ्याच्या शेवटी, खेळतात. आपल्याकडच्या शाळांतल्या कब-बुलबुल पथकांचीच ही अमेरिकन भावंडं. न्यू जर्सी-कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी घरांतही मूल कब झालं, की एक दिवस ते छोटी पेटी घेऊन घरी येतं. पेटीत पाइन लाकडाचा एक ठोकळा, प्लॅस्टिकची चार चाकं आणि चार खिळे. बाकी सगळं घरच्यांनी बघायचं.

वय कमी पडलं म्हणून

ही कल्पना डॉन मर्फी यांची. कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचला राहणारे मर्फी नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या विमान कंपनीत नोकरीला होते आणि मुलाच्या कब पथकाचे प्रमुखही होते. त्या काळी अमेरिकेत ‘सोप बॉक्स डर्बी’चं वेड होतं. त्यात मुलांनी स्वतः बनवलेल्या बिनइंजिनाच्या गाडीत बसून उतारावरून शर्यत लावायची. त्यासाठी वय हवं किमान १२. मर्फींचा मुलगा १० वर्षांचा. मग वडिलांनी मुलाऐवजी गाडीच लहान केली.

१५ मे १९५३ रोजी मॅनहॅटन बीचच्या स्काऊट हाऊसमध्ये पहिली शर्यत झाली. ३१ फुटी मार्ग, दोन गल्ल्या, आणि शेवटच्या रेषेवर दारावरच्या घंटीचे सुटे भाग जोडून केलेली बॅटरीची यंत्रणा. जिंकलेल्या गाडीचा दिवा पेटायचा. पुढच्याच वर्षी बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिकाने हा खेळ देशभर नेला. त्या संस्थेचं नाव २०२५ पासून स्काऊटिंग अमेरिका झालं आहे आणि कबमध्ये आता मुलीही असतात. ठोकळा, चार चाकं आणि चार खिळे मात्र तसेच आहेत.

मिळकत एकदाच, पुढे खर्चच खर्च

गाडी सुरुवातीच्या टोकावर उभी असते तेव्हा ती जमिनीपासून साधारण चार फूट उंच असते. या उंचीमुळे तिच्यात साठलेली ऊर्जा ही तिची एकमेव मिळकत. पाच औंसांच्या गाडीसाठी ती भरते जेमतेम पावणेदोन ज्यूल. तिला अडवून धरणारा समोरचा खुंटा पडला की गाडी उतरू लागते, उंची कमी होते आणि वेग वाढतो. यातला कणही वाया गेला नाही, तर सपाटीवर पोहोचताना वेग ताशी साडेसतरा किलोमीटर होईल. त्याहून वेगवान गाडी त्या उतारावर कुणालाच बनवता येणार नाही, अगदी विमान बनवणाऱ्या कंपनीतल्या इंजिनिअरलाही नाही.

त्यामुळे ‘वेगवान गाडी’ हा शब्दच थोडा फसवा आहे. कुठलीही गाडी वेग कमावत नाही. सगळ्यांना मिळकत जवळपास सारखीच, आणि जी कमी उधळते ती पुढे जाते. उधळपट्टीच्या वाटा मुख्यतः चार: हवा, खिळा आणि चाक यांच्यातलं घर्षण, चाकं फिरवण्यात जाणारी ऊर्जा आणि गाडीचं डगमगणं.

ऊर्जा बाहेरून घालायचा प्रयत्नही एकदा झाला होता. १९७३ साली ओहायोतल्या ॲक्रन शहरात सोप बॉक्स डर्बीची राष्ट्रीय स्पर्धा १४ वर्षांच्या एका मुलाने जिंकली. त्याची गाडी सुटताना जरा जास्तच झेप घेते, असा संशय आला. तपासणीत गाडीच्या नाकात विद्युतचुंबक सापडला. सुरुवातीला गाडीला अडवून धरणारी लोखंडी पट्टी पुढे पडताना चुंबक तिच्याकडे ओढला जाई आणि गाडीला फुकटचा हिसका मिळे. मुलाने हेल्मेट मागे टेकवलं की बटण दाबलं जायचं. बक्षीस अर्थातच काढून घेतलं. मुलगा चौदा वर्षांचा, पण ही कल्पना त्याच्या घरातल्या मोठ्यांची होती, आणि हे दुखणं लाकडी गाड्यांच्या शर्यतीत अजूनही बरं झालेलं नाही.

तर मग वजन का?

आता सुरुवातीचा प्रश्न. दोन दगड एकदम पडतात, कारण जड दगडाला पृथ्वी जास्त जोराने ओढते खरी, पण त्याला हलवायलाही तेवढाच जास्त जोर लागतो. दोन्ही गोष्टी एकमेकींना छेद देतात आणि वजनाचा संबंधच उरत नाही. खिळ्यावरचं घर्षणही याच नियमाने वागतं: गाडी दीडपट जड, तर घर्षण दीडपट. इथेही फायदा-तोटा शून्य.

हवेला मात्र गाडीचं वजन कळत नाही. ती गाडीचा आकार आणि वेग एवढंच पाहते. शंभर ग्रॅमची आणि १४० ग्रॅमची अशा एकाच आकाराच्या दोन गाड्या एकाच वेगाने धावत असतील, तर दोघींना हवा सारख्याच जोराने मागे ढकलते. तोच धक्का हलक्या गाडीला १.४ पट जास्त हळू करतो. दगड खाली पडताना हा फरक दिसत नाही, कारण तेवढ्या अंतरात हवेला संधीच मिळत नाही. इथे अडीच-तीन सेकंदांची धाव असते आणि निकाल इलेक्ट्रॉनिक घड्याळ सेकंदाच्या हजाराव्या भागात देतं.

दुसरं कारण चाकांचं. गाडी पुढे सरकते तेव्हा चाकं सरकतात आणि वर फिरतातही. या फिरण्यासाठी लागणारी ऊर्जा गाडीच्या पुढे जाण्याच्या कामी येत नाही. चाकं प्रत्येकी अडीच ग्रॅमच्या आसपास, सगळ्यांची सारखीच. गाडी जड असेल तर एकूण मिळकतीतला त्यांचा वाटा लहान होतो. म्हणून १४१.७ ग्रॅमचा शेवटचा दशांशही सोडायचा नाही.

वजन भरायचं, पण कुठे?

पूर्ण ठोकळा ७ इंच लांब, पावणेदोन इंच रुंद आणि सव्वा इंच उंच. पाइनचा असा ठोकळा साधारण शंभर ग्रॅमच्या वर भरतो. तसाच ठेवला तर वजन गाडीभर सारखं पसरतं. करवतीने कापून त्याची सपाट पाचर केली की लाकूड चाळीस-पन्नास ग्रॅम उरतं आणि धातूसाठी ऐंशी ग्रॅमची जागा मोकळी होते. हा धातू हवा तिथे ठेवता येतो. हवा तिथे म्हणजे मागे.

का ते बघू. उतारावर उभ्या असलेल्या गाडीची मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा उंच असते. गाडीचा गुरुत्वमध्य, म्हणजे ज्या बिंदूवर ती पट्टीच्या धारेवर तोलून उभी राहते तो बिंदू, जितका मागे तितका तो सुरुवातीला जास्त उंच. सपाटीवर आल्यावर मात्र तो पुढे असो की मागे, उंची तीच. म्हणजे खाली येण्याचं अंतर वाढलं आणि मिळकतही वाढली, तीही नियमात बसवून. उतार ३० अंशांचा धरला, तर गुरुत्वमध्य एक इंच मागे नेल्याने अर्धा इंच उंची जास्त मिळते. चार फुटांच्या मानाने ही वाढ एक टक्का. वेगात ती अर्धा टक्काच दिसते, पण सपाटीवरच्या पावणेदोन-दोन सेकंदांत तेवढ्याने गाडी चार-पाच सेंटिमीटर पुढे जाते. गाडीच्या लांबीचा पाव हिस्सा! पुष्कळ शर्यतींचा निकाल याहून कमी अंतराने लागतो.

हाव मात्र नको. सगळं वजन मागच्या चाकांवर आलं, तर पुढची चाकं मार्गाला धड टेकत नाहीत. उतार संपून सपाटी सुरू होते त्या वळणावर, किंवा मार्गाच्या सांध्यावर, गाडी नाक उचलते आणि मार्गावरून उतरते. गुरुत्वमध्य मागच्या चाकांच्या आसाच्या इंचभर पुढे ठेवावा, असं अनुभवी पालक सांगतात. मोजायला उपकरण नको. मुलाने गाडी पट्टीच्या धारेवर ठेवायची, मागे-पुढे सरकवायची आणि तोल साधला की पेन्सिलने खूण करायची.

धातू कोणता? शिसं स्वस्त आणि जड, पण विषारी. लहान मुलाच्या हाती ते देऊ नये. पोलाद बरं, पण ऐंशी ग्रॅमला दहा घन सेंटिमीटर जागा खातं. टंगस्टन महाग असलं तरी चार घन सेंटिमीटरमध्ये मावतं. त्यामुळे गाडी बारीक ठेवूनही सगळं वजन मागच्या टोकाशी दाबून बसवता येतं. पैसे घालायचेच असतील तर इथे घालावेत, रंगावर नव्हे.

चौकट: नियम थोडक्यात
लांबी ७ इंच, रुंदी चाकांसकट पावणेतीन इंच, वजन ५ औंसांपर्यंत. प्रत्येक गल्लीच्या मधोमध पाव इंच उंचीची लाकडी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी असते आणि गाडीची चाकं तिच्या दोन बाजूंना धावतात. म्हणून गाडीचं पोट मार्गापासून ३/८ इंच वर हवं. चाकं आणि खिळे पेटीतलेच. द्रवरूप तेल बहुतेक ठिकाणी वर्ज्य. बाकी तपशील प्रत्येक पथकाचे वेगळे: कुठे खिळा वाकवायला बंदी, कुठे चारही चाकं टेकलीच पाहिजेत. करवत हातात घेण्याआधी आपल्या पथकाचा कागद वाचावा.

सगळा खेळ खिळ्याचा

मोठ्यांचा जीव गाडीच्या आकारात अडकतो. फेरारीसारखी करू की बाणासारखी? हवेचा विरोध खरा आहे. अख्खा ठोकळा आणि बारीक पाचर यांत त्याचा फरक पडतो. पण एकदा गाडी बुटकी आणि निमुळती झाली की पुढच्या कोरीवकामाने विशेष काही हाती लागत नाही. खरी कमाई असते ती कुणाला न दिसणाऱ्या जागी, चाकाच्या आत गेलेल्या खिळ्यावर.

पेटीतला खिळा भिंगाखाली धरून मुलाला दाखवावा. डोक्याच्या खाली, जिथे दांडा सुरू होतो, तिथे साच्यातून निघताना राहिलेले बारीक कंगोरे दिसतात. दांड्यावर दोन्ही बाजूंनी पकडीच्या दाबाच्या खुणा असतात. चाकाचं भोक दर फेरीला यांवरून घासत जाणार. चाकाचा परीघ नऊ-दहा सेंटिमीटरचा. म्हणजे एका धावेत प्रत्येक चाक शंभराच्या आसपास फेऱ्या मारतं. दर फेरीला तेच खरखरणं.

इलाज सोपा, पण चिकाटीचा. आधी बारीक कानशीने कंगोरे काढायचे. मग पॉलिश पेपरची बोटभर रुंद पट्टी पाण्यात भिजवून खिळ्याभोवती गुंडाळायची आणि खिळा फिरवत राहायचा. चारशे नंबरच्या पेपरने सुरुवात, मग सहाशे, हजार, दोन हजार. प्रत्येक नंबर आधीच्या नंबरचे ओरखडे पुसतो आणि स्वतःचे, त्याहून बारीक, ठेवून जातो. घाईने मधला नंबर गाळला की जाड ओरखडे तसेच राहतात आणि शेवटच्या पेपरला ते पेलवत नाहीत. ड्रिल मशीनमध्ये खिळा अडकवला तर काम झटपट होतं, पण मशीन मोठ्यांनी धरावी. हाताने केलं तरी चालतं. वेळ लागतो एवढंच.

खिळा चकचकीत झाला की ग्रॅफाइट. पेन्सिलीत असतो त्याच पदार्थाची ही काळी, मऊ भुकटी. कॅरमच्या पाटावर पावडर टाकली की सोंगटी कशी सुळकन जाते, तसंच काम ग्रॅफाइट खिळा आणि चाक यांच्यामध्ये करतं. ग्रॅफाइटचे पातळ पापुद्रे एकमेकांवरून घसरतात. भोकात चिमूटभर भुकटी सोडायची, चाक फिरवायचं, पुन्हा सोडायची, पुन्हा फिरवायचं. भोकाच्या आत करडी चकाकी दिसू लागली की थर बसला. हात, ओटा आणि शर्ट काळा होणार, ते गृहीत धरावं. तेल का नको? ते धूळ धरतं आणि या पोरकट वेगाला त्याचा चिकटपणाच जास्त भोवतो.

नागमोडी चाल

गाडी सरळ चालली पाहिजे, हे सांगायला कुणी कशाला हवं? पण चार खिळे ठोकल्यावर चारही चाकं तंतोतंत एका दिशेला बघताहेत, असं सहसा होत नाही. गाडी थोडी डावीकडे ओढते, मधल्या पट्टीवर आपटते, उजवीकडे उडते, पुन्हा आपटते. दर आपटण्याला वेग जातो. शिवाय चाक आत-बाहेर सरकून कधी गाडीच्या लाकडावर घासतं, तर कधी खिळ्याच्या डोक्यावर.

यावर जाणत्यांनी काढलेली युक्ती पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उफराटी वाटते: गाडी सरळ करूच नका. पुढचं एक चाक किंचित पट्टीच्या दिशेने वळवा, म्हणजे ते पट्टीला हलकेच टेकून शेवटपर्यंत तसंच घासत जाईल. एक बारीक, अखंड घासणं दहा आपटण्यांपेक्षा स्वस्त पडतं. पुढचं दुसरं चाक जरासं वर उचलतात, इतकं की ते मार्गाला लागतच नाही. ते फिरत नाही, त्यामुळे त्याच्यावर फिरण्याची ऊर्जा खर्च होत नाही. मागच्या चाकांचे खिळे बाहेरच्या टोकाला केसभर वर करतात. मग चाकाचा माथा आत झुकतो, धावताना चाक आपोआप बाहेर, खिळ्याच्या डोक्याकडे सरकतं आणि लाकडाला शिवत नाही. खिळ्याचं डोकं आपण आधीच चकचकीत केलेलं असतंच.

हे सगळं तपासायला साधं, सपाट टेबल पुरतं. एका टोकाखाली दोन वह्या सरकवायच्या, गाडी सोडायची, ती किती वळते ते बघायचं. चिमट्याने खिळा किंचित फिरवायचा, पुन्हा सोडायची. सात वर्षांच्या मुलाला हे काम तासन् तास पुरतं, आणि मोठ्यांना त्याचा वीट दहा मिनिटांत येतो. गाडीच्या वेगाला सगळ्यात जास्त हातभार लावणारी कामं नेमकी अशीच आहेत: घासणं, पुन्हा पुन्हा सोडून बघणं, भुकटी भरणं, तोल पाहणं. यात ताकद लागत नाही, धारदार हत्यार लागत नाही. करवत चालवणं, भोक पाडणं, गोंद तापवणं ही मोठ्यांची कामं वेगासाठी तुलनेने बिनमहत्त्वाची. तरीही गाडी मुलाच्या हातातून वडिलांच्या हातात सरकते ती करवतीपाशीच, आणि बऱ्याचदा परत येत नाही. २००५ सालच्या ‘डाउन अँड डर्बी’ या चित्रपटाने याच बापलोकांची टर उडवली. ‘साउथ पार्क’ या व्यंगमालिकेत तर २००९ मध्ये एका बापाने मुलाच्या गाडीत कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतून चोरलेला चुंबक बसवला आणि गाडी थेट अंतराळात गेली.

आकार मुलालाच काढू द्यावा. चौकटीच्या कागदावर ७ इंचांची रेघ मारून तिच्यावर त्याने हवं ते काढावं. शार्क, पाव, चीजचा तुकडा, काहीही. मोठ्यांनी दोनच गोष्टी बघाव्यात: सुरुवातीच्या खुंट्याला टेकण्यापुरतं नाक मधोमध सपाट आहे का, आणि मागे धातू बसेल एवढं लाकूड उरतंय का. शार्कच्या पाठीवर पंख उभा राहिला, तर हवेला थोडं जास्त द्यावं लागेल. द्यावं.

शर्यतीच्या दिवशी

वजन झालं की गाडी आयोजकांच्या ताब्यात जाते आणि मग शेवटपर्यंत तिला हात लावता येत नाही. म्हणून ग्रॅफाइटचा शेवटचा हात काट्यावर ठेवण्याआधीच फिरवावा. त्याआधी गाडी फरशीवर खेळायला देऊ नये. भोकात गेलेला एक वाळूचा कण सगळी घासाघीस पाण्यात घालतो. चाकं धरून उचलू नये, पोटाला धरून उचलावी.

गल्ल्या दिसायला सारख्या, पण कुठे सांधा उंच, कुठे पट्टी जरा वाकडी. त्यामुळे बहुतेक ठिकाणी प्रत्येक गाडी प्रत्येक गल्लीतून एकेकदा सोडतात आणि वेळांची सरासरी धरतात. पहिल्या फेरीत तिसरी आलेली गाडी दुसऱ्या गल्लीत पहिली येऊ शकते, हे मुलाला आधीच सांगून ठेवलेलं बरं. दोन-तीन फेऱ्यांनंतर वेळ सुधारताना दिसली तर त्याचंही आश्चर्य नको. फिरता फिरता ग्रॅफाइट अजून नीट बसत जातं.

बऱ्याच पथकांत मुलांच्या शर्यतीनंतर एक ‘खुला गट’ असतो. त्यात भावंडं आणि पालक आपापल्या गाड्या उतरवतात. काही ठिकाणी तिथे वजनाची मर्यादाही सैल असते. ठोकळ्याची दुसरी पेटी फार महाग नसते. ज्या बाबांना करवत खाली ठेववत नाही, त्यांनी ती जानेवारीतच मागवून ठेवावी.